मोटारींच्या सुट्या भागांचे स्पर्धा प्रकरण

शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सिएल कार्स इंडिया व इतर हे भारतीय स्पर्धा आयोगापुढील प्रकरण आहे. मोटार विकणाऱ्या कंपनीने त्या मोटारीच्या सुट्या भागांची व दुरुस्तीची बाजारपेठही आपल्याच हाती ठेवावी काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. २०११ मध्ये होंडा, फोक्सवॅगन व फियाट यांच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली. पुढे चौकशीची व्याप्ती इतर कंपन्यांपर्यंत वाढली.

आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. यात टाटा मोटर्सचा वाटा १,३४६.४६ कोटींचा, म्हणजे निम्म्याहून अधिक होता. टाटा व महिंद्र यांची मुख्यालये मुंबईत आहेत, तर फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझचे कारखाने चाकण परिसरात आहेत. त्यामुळे हे प्रकरण बरेचसे महाराष्ट्राच्या उद्योगाचेही होते.

आयोगाचा युक्तिवाद

मोटारींच्या बाजारात अनेक कंपन्या असल्याने आपले वर्चस्व नाही, असे कंपन्यांचे म्हणणे होते. आयोगाने ते फेटाळले. ग्राहक मोटार घेताना कंपनी निवडू शकतो. परंतु एकदा घेतलेल्या मोटारीला दुसऱ्या कंपनीचे भाग बसत नाहीत. म्हणून प्रत्येक कंपनी स्वतःच्या सुट्या भागांच्या बाजारात वर्चस्वधारी ठरते. कंपनीला भाग पुरवणारे कारखानदार तेच भाग खुल्या बाजारात विकू शकत नव्हते, बिघाड शोधणारी संगणकीय उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळत नव्हती आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द होण्याची अट होती. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) व ४ चा हा भंग ठरला. बौद्धिक संपदेचा व सुरक्षिततेचा बचाव मान्य झाला नाही. अमेरिकेत वॉरंटीला कंपनीच्याच भागांची अट जोडण्यास १९७५ च्या कायद्याने मनाई आहे.

ग्रामीण भागातील परिणाम

या बंधनांचा भार शहराबाहेर अधिक जाणवतो. करमाळ्यापासून जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. अशा तालुक्याच्या गावी मोटारमालकाची मदार स्थानिक गॅरेजवर असते. त्या कारागिराला स्कॅनर व मूळ भाग मिळाले नाहीत, तर साधी दुरुस्तीही एका दिवसाचा प्रवास व बुडालेला रोजगार यांच्या किमतीला पडते. शिवाय कारागिराचे कौशल्य असूनही काम हातचे जाते, ही बाब दंडाच्या आकड्यांत दिसत नाही.

पुढील घडामोडी

डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड व निसान यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता मर्यादित केला. अन्य काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. अँड्रॉइड प्रकरणात २०२२ मध्ये आयोगाने गूगलला केलेला १,३३७.७६ कोटींचा दंड टाटा मोटर्सच्या या दंडापेक्षा किंचित कमीच होता, हे चर्चेत क्वचितच येते.

करमाळ्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात मोटारीइतकाच महत्त्वाचा असलेला ट्रॅक्टर २०१४ च्या आदेशाच्या कक्षेत नव्हता. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळात शेती अवजारांचा समावेश आहे. परंतु ते माहिती पुरवते, कंपन्यांवर भाग विकण्याची सक्ती करीत नाही.