मधली दोन वर्षं काय केलं?



मागच्या आठवड्यात आमच्यातले पाच जण नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. तीन पोरं, दोन पोरी, सगळे बारावी झालेले. वसईकडे कपड्यांचं मोठं दुकान उघडतंय, तिथं माल दाखवायला, घड्या घालायला माणसं पाहिजेत. पहाटेच्या एसटीने पालघर, तिथनं शटल. दोघांचे शर्ट उसने होते, हेही सांगून टाकतो.

काही जुन्या कार्यकर्त्यांना हे आवडलं नाही. "जमिनीसाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या आणि पोरं चालली दुकानात," असं बैठकीत ऐकावं लागलं. राग समजतो. पण दोन एकर वरकस प्लॉटवर नागली-वरई पिकते ती दिवाळीनंतर किती महिने पुरते, ते सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर वीटभट्टी आहेच. भट्टीवर जाणाऱ्याला कोणी फितूर म्हणत नाही, मग दुकानात जाणाऱ्याला का?

मुलाखत म्हणजे दहा मिनिटं. नाव, गाव, हिंदी येते का, रोज येणार कसे. आणि प्रत्येकाला एक सवाल : बारावीनंतर मधली दोन वर्षं काय केलं? आमच्यातले तिघं म्हणाले, "काही नाही, घरीच." साहेबाने लिहिलं, अनुभव नाही. अरे, घरी कुठे होतो? याच दोन वर्षांत वनहक्काचे फॉर्म भरले, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, जीपीएस धरून प्लॉटच्या बांधाबांधाने फिरलो, कचेरीत साहेबांना तोंडावर उत्तरं दिली. त्यातला एक शब्द तोंडातून निघाला नाही. लाज कसली वाटली, ते आमचं आम्हालाच विचारतोय.

एक पोरगी मात्र बोलली. लहानपणापासून आईसंगं जव्हारच्या स्टँडवर करवंदं, काकड्या विकते म्हणाली. मॅडम हसल्या. मग विचारलं, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा काय करतेस? ती म्हणाली, "आधी खाऊन बघा म्हणते. चव लागली की घासाघीस कमी होते." तिचं नाव यादीत आलं.

दुसरा एक पोरगा निवडला. त्याच्याकडून मार्कशीट आणि जातीचा दाखला, सगळं मूळ, जमा करून घेतलं. नोकरी सोडाल तेव्हा परत, म्हणे. इथे आम्ही चुकलो. सोबत होतो तरी अडवलं नाही. मूळ कागद दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत. तोच दाखला त्याच्या बापाच्या दाव्याच्या फाईलला लावायचा आहे. उद्या पडताळणीची तारीख लागली तर दाखला दुकानाच्या कपाटात!

पगाराचं विचारायलाही लाजलो. हातात किती, कापून किती, सुट्टी कधी, हे विचारायचंच. दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे : आठवड्याला ४८ तास, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. आम्हाला सांगितलं, "सणाच्या दिवसांत टायमिंगचं बघू." हे 'बघू' आपण जंगलखात्याकडून पुष्कळ ऐकलंय.

आणि पाड्यापाड्यांत एक अफवा फिरते आहे, की पोरगा नोकरीला लागला तर बापाचा दावा बाद. कोणाच्या फायद्याची आहे ते ओळखा. २००६ च्या वनहक्क कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. आदिवासीला कायदा विचारतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा, आणि जगणं जंगल-जमिनीवर आहे का ते. पोराने वसईला कापडाच्या घड्या घातल्या म्हणून इकडे बापाचा नांगर थांबत नाही.

मंगळवारी आम्ही चौघं त्या पोरासोबत दाखला परत मागायला जातोय. झेरॉक्स काढून ठेवल्यात. पोरगी सोमवारपासून कामाला लागते. संध्याकाळची शेवटची एसटी तिला मिळणार नाही, म्हणून विरार-नालासोपाऱ्याकडे कोणाचं नात्यातलं घर असेल, जिथे तिला राहता येईल, तर शनिवारच्या बैठकीत सांगा.