जात वगळा म्हणणाऱ्या पैशापेक्षा उशीर परवडला



महाडच्या सत्याग्रहावरचा आमचा खेळ ठरल्या तारखेपेक्षा आठ महिने मागे पडला आहे. ज्यांनी शंभर-दोनशे रुपये दिले त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे आणि त्यांना हिशेब मिळतोच आहे. हा लेख त्यांच्यासाठी नाही. वर्गणीदारांच्या रागाआडून काही जाणती मंडळी दोन गोष्टी पसरवत आहेत, हा लेख त्यांच्यासाठी आहे. पहिली, असले खेळ म्हणजे इंग्रजी शाळेतल्या पोरांचे चोचले, चळवळीने यात पडू नये. दुसरी, प्रायोजक दारात आला होता, त्याला परत कशाला पाठवला?

ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. प्रत्येक जण एक माणूस होतो, एक जण गोष्ट पुढे नेतो, आणि प्रसंग अडला की फासे टाकतात. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा प्रकार जगभर गेला. त्या खेळात आपल्या पात्राचा वंश निवडावा लागे. वंशावरून ताकद आणि बुद्धी यांचे आकडे कमीजास्त होत. ऑर्क नावाची जमात जन्मतःच क्रूर. कुठे ऐकल्यासारखे वाटते का? जन्मावरून गुण ठरवण्याचे हे गणित आपल्या पूर्वजांच्या पाठीवर दोन हजार वर्षे लिहिले गेले. 2020 मध्ये प्रकाशक कंपनीलाच कबूल करावे लागले की ऑर्कांसारख्या जमातींची वर्णने खऱ्या जगातल्या माणसांना हिणवणाऱ्या वर्णनांची आठवण करून देतात. 2024 च्या नव्या पुस्तकात 'वंश' हा शब्दच गेला. म्हणजे ज्याला आपली मंडळी पोरखेळ म्हणतात, त्याच्या नियमांत कोण माणूस आणि कोण राक्षस हे पन्नास वर्षे ठरत होते. ते नियम लिहिणाऱ्यांत आपण नको होतो का?

आता पैशाचा मुद्दा. आपल्या घराघरांत 'व्यापार' खेळला जातो. जागा घ्या, घरे बांधा, भाडे वसूल करा, समोरच्याला कंगाल करा. ज्या 'मोनोपॉली'वरून तो आला, तिचे मूळ काय? लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी 1904 मध्ये एका खेळाचे पेटंट घेतले. नाव 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. मूठभरांच्या हाती जमीन गेली की बाकीच्यांचे काय होते, हे लोकांना दाखवण्यासाठी त्यांनी तो रचला होता. 1935 मध्ये एका मोठ्या कंपनीने 500 डॉलर देऊन त्यांचे पेटंट घेतले आणि बाजारात 'मोनोपॉली' विकली. पट जवळपास तोच, शिकवण बरोबर उलटी. जमीनदारीवरची टीका जमीनदार होण्याची शिकवणी बनली. खेळ कोणाच्या हातात आहे यावर तो काय सांगणार हे ठरते.

याउलट 'कायोटी अँड क्रो' पाहा. चेरोकी समाजातल्या कॉनर अलेक्झांडर यांनी मूळनिवासी लेखक-चित्रकारांना घेऊन हा खेळ केला. त्यात गोऱ्यांनी अमेरिका कधी ताब्यात घेतलीच नाही, असे भविष्य आहे. 2021 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे 18,000 डॉलर मागितले, लोकांनी दहा लाखांहून जास्त दिले. पुस्तकात मूळनिवासी खेळाडूंसाठी वेगळी सूचना आहे आणि इतरांसाठी वेगळी. आमच्या खऱ्या जमातींची ऐकीव माहिती खेळात घुसडू नका, असे इतरांना स्पष्ट सांगितले आहे. ही सूचना छापायची हिंमत कोणत्या प्रायोजकाने दिली असती? भारतातून किकस्टार्टरवर प्रकल्प मांडता येत नाही, म्हणून आमची वर्गणी यूपीआय आणि पावतीपुस्तकावर गोळा झाली. वस्त्यांमधून, वसतिगृहांमधून, दोन विहारांमधून.

आमच्याकडे आलेला प्रायोजक एका कंपनीचा सामाजिक निधी सांभाळणारा गृहस्थ होता. बोलायला गोड. छपाईचा सगळा खर्च देतो म्हणाला. अटी तीनच. 'जात' ऐवजी 'सामाजिक भेदभाव' लिहा. पाणी पिऊन परतलेल्या लोकांवरचा हल्ला काढा, मुले घाबरतात. आणि शेवटी सगळे गाव मिळून पाणी पिते असे दाखवा. 20 मार्च 1927 ला महाडमध्ये लोकांची डोकी फुटली आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. ते काढून उरते काय? सहल!

बाबासाहेबांपुढे 1936 मध्ये हाच सौदा आला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षपद देऊ केले आणि भाषणातला काही मजकूर वगळायला सांगितले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. यावर कोणी म्हणेल, 'मूकनायक'साठी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये घेतले होतेच ना? घेतले. ते 'मूकनायक' बोलावा म्हणून दिले होते, त्याची जीभ छाटण्यासाठी नव्हे. आमचा विरोध श्रीमंताच्या पैशाला नाही, संपादनाची कात्री घेऊन येणाऱ्या पैशाला आहे.

उशीर कशाने झाला तेही ऐका. कागद महागला. चित्रे काढणाऱ्या मुलीला नोकरी लागली, ती आता रविवारीच बसते. तिने नोकरी घेतली याचा आम्हाला आनंदच आहे. एका छपाईवाल्याने आगाऊ रक्कम घेऊन काम लांबवले, ती रक्कम भांडून परत मिळवली. पण सर्वांत जास्त वेळ गेला नियमांत. वसतिगृहातल्या चाचणीत एका मुलाचे फासे चांगले पडले आणि त्याचे पात्र एकटेच तळ्यावर पोचले. बाकीचे वाटेत अडलेले. तो जिंकला म्हणून टाळ्याही पडल्या. मग त्याच मुलाने विचारले, "पण मी एकट्याने पाणी पिऊन काय झालं?" त्या प्रश्नापायी चार महिने गेले. आता कोणालाही एकट्याने तळे गाठता येत नाही. आपला फासा दुसऱ्याला द्यावा लागतो. खेळाच्या सुरुवातीलाच खेळाडूंच्या हातात दोन कागद पडतात: 1923 चा मुंबई कायदेमंडळाचा बोले ठराव आणि 1924 चा महाड नगरपालिकेचा ठराव. हक्क आधीच मिळालेला आहे, तरी पाणी नाही. कागद आणि ओंजळ यांच्यामधले अंतर चालायला लागते. तळ्याचा निकाल हायकोर्टात 1937 मध्ये लागला, तोही खेळाच्या शेवटच्या पानावर आहे. मुलांना घाबरवायचे नाही म्हणणाऱ्या गृहस्थाला सांगायला हवे, वसतिगृहातली पोरे हल्ल्याच्या प्रसंगाला घाबरली नाहीत. त्यांच्यातल्या तिघांनी आपापल्या गावची पाणवठ्याची गोष्ट तिथेच सांगितली.

ज्यांना हा वेळ वाया गेला वाटतो त्यांनी वर्षभरात जयंतीच्या डीजेवर किती वर्गणी गेली याचा हिशेब मागून पाहावा. तो मागायची मात्र कोणाची छाती होत नाही.

नियमांची पुस्तिका पूर्ण आहे, चित्रे पाऊण झाली आहेत. पेटीचा खर्च झेपत नाही, म्हणून खेळ कापडी पिशवीत येईल. पिशव्या वस्तीतल्या बचत गटाच्या बाया शिवत आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लागतो आणि गटावरही टाकला जातो. ज्यांना थांबणे जमत नाही त्यांनी पावती दाखवून पैसे परत न्यावेत, आतापर्यंत सहा जणांनी नेले. त्यांच्याबद्दल कोणीही वाकडे बोलू नये.

जय भीम!