बोरघाटात जिंकले, वेगवेगळ्या तहांत हरले

कर्जतहून खोपोलीची लोकल रोज पकडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी खोपोलीचा तो जुना तलाव थांबून पाहिला आहे? तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे मंदिर नाना फडणविसांनी बांधले. इथूनच बोरघाट चढायचा. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौजही पनवेलला उतरून याच घाटाने वर गेली. सैनिक चार हजारांच्या आसपास आणि सामान वाहायला बैल १९ हजार!

मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. चारा-धान्य नष्ट केले, तळेगाव रिकामे करून जाळले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. शेवटी अवजड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात कोंडले गेले. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करण्याचे त्यांनी कबूल केले. (वरिष्ठांनी पुढे तो तह झिडकारला, ती गोष्ट वेगळी.)

महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके या मोहिमेत एकत्र होते. पानिपतावर जखमी महादजींना वाचवणारा राणेखान भिस्ती पुढे त्यांचा बडा सरदार झाला, हेही जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले हे राज्यमंडळ होते. म्हणजे प्रत्येकाचा मुलूख, फौज आणि वसुली वेगळी. संकट आले की मोट बांधायची. १७८० मध्ये नानांनी ही मोट आणखी मोठी केली. हैदरअली, निजाम, नागपूरकर भोसले आणि पुणे असे चौघे इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ इतिहासात ही आघाडी बसत नाही. पण तिला बंधुभावाचा मुलामा देणेही खोटेच. इंग्रजांनी निजामाला गुंटूर परत दिले, तो गप्प बसला. भोसल्यांची फौज पैशांनी थोपवली. हैदर लढत राहिला. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला, त्यात हैदरने अर्काटकडचा जिंकलेला मुलूख सोडावा अशी अट होती. ज्याच्या बळावर आघाडी उभी राहिली, त्यालाच न विचारता! नानांनी तह पक्का करणे लांबवले. डिसेंबरात हैदर वारला, मग तो प्रश्नच उरला नाही.

वीस वर्षांनी हेच घरात घडले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव आपल्याच जिल्ह्यातल्या महाडमार्गे वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढले, होळकर बाजूला उभे राहिले, गायकवाड इंग्रजांकडेच होते. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला सही केली, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले, तेव्हा सोबत यायला कोणी मोकळे नव्हते.

शौर्य कमी पडले, असे आम्हाला वाटत नाही. वेगळी सही करण्याचा हक्क प्रत्येकाने स्वतःकडे ठेवला होता आणि सामाईक खजिना कुणाकडेच नव्हता. त्याच काळात अमेरिकेतली १३ राज्येही अशाच सैल करारावर चालली होती. १७८१ चा तो करार केंद्राला कर बसवू देत नव्हता. सैनिकांचे पगार थकले, आणि १७८७ मध्ये त्यांना नवी घटना लिहावी लागली.

या साऱ्या तहांत आणखी एक जण कुठेच सापडत नाही, तो म्हणजे खालापूरचा शेतकरी किंवा नेरळचा कोष्टी. राज्यमंडळ सरदारांचे असते. रयतेचे नाते आपापल्या सरदाराशी. तो फिरला की रयतही फिरली. ‘केंद्र नकोच, राज्यांना मोकळे सोडा’ असे रागाच्या भरात म्हणणाऱ्या तरुण मित्रांना आम्ही हेच दाखवू इच्छितो. राज्यांच्या हक्काचा पैसा आणि अधिकार यांसाठी भांडलेच पाहिजे. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की भारत हा राज्यांनी आपसात केलेल्या करारातून झालेला संघ नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून फुटता येणार नाही. त्याच संविधानाच्या अनुच्छेद ३२ ने कर्जतच्या एखाद्या मुलीला, तिचे मूलभूत हक्क हिरावले गेले तर, मुंबईतल्या कुणाही सत्ताधाऱ्याला न विचारता थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते.