पोटातली प्रत्येक कळ 'पित्ता'ची नसते

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीत जेवणानंतर बरगडीखाली उजवीकडे कळ आली, की घरात पहिला शब्द निघतो, 'पित्त झालं!' मग कोकम सरबत, सोडा, नाहीतर ॲसिडिटीची गोळी. पण बोलीतले हे 'पित्त' म्हणजे जठरातले आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो. शब्दांच्या या घोळात पित्ताशयातले खडे महिनोन्‌महिने लक्षातच येत नाहीत.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातले कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेले ठेवतात. हे प्रमाण बिघडले की स्फटिक बनतात आणि पित्ताशय नीट रिकामे होत नसेल तर त्यांचे खडे होतात. गर्भारपण, लठ्ठपणा आणि झपाट्याने घटवलेले वजन यांमुळे धोका वाढतो.

'रक्तातले कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग खडे कसे?' हा प्रश्न नेहमीचा. रक्त आणि पित्तरस यांतल्या कोलेस्टेरॉलचा थेट हिशेब जुळत नाही. रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असणाऱ्यांत खडे अधिक आढळतात, पण खडा दिसतो तो सोनोग्राफीत. रक्ततपासणीचा उपयोग वेगळा आहे. खडा पित्तनलिकेत अडकला तर बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फटेज वाढतात. स्वादुपिंडाला सूज आली तर लायपेज वाढते.

मुतखड्यावर कुळथाचे कढण घेण्याची कोकणात रीत आहे. पित्ताशयाचा लघवीच्या मार्गाशी संबंध नसल्याने हे खडे तसे वाहून जात नाहीत. गोळ्यांनी विरघळतात ते कोलेस्टेरॉलचे मोजके लहान खडे, तेही अनेकदा पुन्हा होतात.

म्हणून प्रत्येकाने शस्त्रक्रिया करावी असे मात्र नाही. सोनोग्राफीत सहज सापडलेले, त्रास न देणारे बहुतेक खडे नुसते लक्ष ठेवण्याजोगे असतात. वारंवार कळ येत असेल तर पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया देशात प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. आज ती सरसकट होते.

डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप किंवा पाठीपर्यंत जाणारी न थांबणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या लाँचची किंवा एसटीची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.