विश्लेषण : बुद्ध्यांक ७२ की ६८? मुलांना मोजणारी चाचणीच आधी तपासायला हवी

बौद्धिक अक्षमता ठरवताना मुलाचे रोजचे वागणेही पाहिले जाते, पण पालकांच्या लक्षात राहतो तो एकच आकडा : ७०. बुद्ध्यांक त्याच्या खाली की वर, यावर दाखला आणि शाळेतील मदत बरीचशी अवलंबून असते. पनवेलकरांना तपासणीसाठी लांब जावे लागत नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र महापालिका हद्दीतच, खारघरला आहे. खरा प्रश्न वेगळा आहे : मोजपट्टी कोणत्या मुलांवर बेतलेली आहे?

मोजपट्टी कुठून आली?

व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये स्टॅनफर्ड-बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यावरचे पुस्तक १९४० मध्ये आले. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्स्लर चाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये आणले. त्या काळात हे काम मोलाचे होते. मात्र या चाचण्यांची नावे आजही अहवालांत दिसतात.

जुनी असली तर काय बिघडते?

बुद्ध्यांक म्हणजे त्याच वयाच्या इतर मुलांशी केलेली तुलना. अनेक देशांत दर दशकाला सरासरी गुण सुमारे ३ ने वाढत गेल्याचे आढळले. याला ‘फ्लिन परिणाम’ म्हणतात. त्यामुळे जुन्या सरासरीशी तुलना केली की गुण फुगतात आणि गरजू मूल मदतीतून सुटते. उलट, घरी आगरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला, तर भाषेची अडचण बुद्धीच्या खात्यात जमा होते.

नवी चाचणी कशी बनते?

आधी काय मोजायचे, याची व्याख्या ठरते. मग गरजेपेक्षा जास्त प्रश्न लिहून ते मुलांवर आजमावले जातात. सगळ्यांना येणारे किंवा कुणालाच न येणारे प्रश्न गळतात. त्यानंतर दोन कसोट्या : पुन्हा मोजल्यावर निकाल सारखा येतो का, आणि जे मोजायचे तेच मोजले जाते का. शेवटी मोठ्या, मिश्र गटावरून सरासरी ठरते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेली ‘डाली’ ही वाचन-अक्षमतेची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी मुलाची अडचण मराठीतच तपासता येते, हे तिने दाखवले.

७२ म्हणजे ७२च का?

नाही. चाचणीची विश्वसनीयता ०.९० इतकी चांगली धरली, तरी प्रमाण त्रुटी सुमारे ५ गुणांची असते. म्हणजे ७२ गुण मिळवणाऱ्या मुलाचा खरा बुद्ध्यांक साधारण ६३ ते ८१ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. अशा मुलाचे भवितव्य एका रेषेवर ठरवणे गणितालाच धरून नाही.

मग करायचे काय?

प्रत्येक अहवालात तीन गोष्टी बंधनकारक हव्यात : चाचणीची सरासरी कोणत्या वर्षीची, ती कोणत्या भाषेतील मुलांवर ठरली आणि गुणांची त्रुटी-मर्यादा किती. नवी चाचणी बेतताना पनवेल तालुक्यातील वाड्या-पाड्यांतली मुलेही नमुन्यात हवीत. तोवर पालकांनी हे तीन प्रश्न स्वतः विचारावेत. गुण सीमारेषेजवळ असतील, तर फेरतपासणी मागण्यात संकोच करू नये.