बाळू पालवणकर आणि माझी एक चूक

परवा अकोल्याहून नात आली होती. तिला शाळेत एका खेळाडूवर पाच मिनिटं बोलायचं होतं. म्हणाली, "आबा, बाळू पालवणकरांबद्दल सांगा ना. सर म्हणाले, मैदानावर जात नसते याचं ते उदाहरण आहे." मी सांगायला बसलो आणि अडखळलो. कारण हेच वाक्य मी पातूरच्या मुलांना वर्षानुवर्षं ऐकवलं आहे. आता वाटतं, ते खरं नव्हतं.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते मैदानाची देखभाल करायचे. पगार महिना 4 रुपये. ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. पगार 12 रुपये झाला. पण बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. गड्याने चेंडू टाकायचा, फलंदाजी साहेबांनी करायची!

पुढे हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतलं. का? तर साहेबांना हरवायचं होतं. बाळूंच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालला. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपातून पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळं.

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले, पण बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय पस्तीस होतं.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. 1913 साली ते एम. डी. पै यांना मिळालं. पै स्वतःच म्हणाले की हा मान बाळूंचा होता. 1920 साली बाळूंना डावललं तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंचं तोवर वय निघून गेलं होतं.

आता माझं सांगतो. शाळेत असताना क्रिकेटचा संघ माझ्याकडे होता. एक मुलगा अनवाणी यायचा, पण गोलंदाजीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खेळाची समजही त्यालाच जास्त. तालुक्याच्या सामन्यांना मी कर्णधार केलं दुसऱ्याला, वजनदार घरच्या मुलाला. "तुला चारचौघांत बोलता येत नाही," असं कारण त्याला दिलं. खरं कारण त्यालाही कळलं होतं आणि मलाही. तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या सर, मले काई नाई वाटलं." त्याच वर्षी स्नेहसंमेलनात मी बाळूंवर भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या!

माझं म्हणणं इतकंच, की मैदानाला स्वतःची अशी काही जादू नसते. खेळ सुरू झाला म्हणून जात पळून जात नाही. भाऊ अडून बसले, म्हणून विठ्ठलना न्याय मिळाला. पैंना मान मिळाला होता, गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण ते बोलले. माझ्या संघात बोलायचं काम माझंच होतं आणि मी गप्प राहिलो. आपण मुलांना बाळूंचे बळी सांगतो, मातीचं भांडं वगळतो. मग त्यांना वाटतं, हुशारी असली की सगळं आपोआप मिळतं. ज्याला मिळत नाही तो स्वतःलाच दोष देत बसतो.

नातीला म्हटलं, "ते वाक्य बदल. मैदानावर जात होती, ती काढायला माणसांना भांडावं लागलं, असं म्हण." तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि तो अनवाणी मुलगा आता कुठे असतो?"

मला सांगता आलं नाही. असो.