पोलिसांनाही पर्याय हवा

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख पोलीस लाइनीत कुणाला विचारा, तोंडपाठ असते. त्या दिवसापासून राज्य सेवेत भरती झालेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. केंद्राने नवी योजना आणताना सैन्यदलांना वगळले; बंदोबस्तात उभ्या शिपायाला मात्र राज्याने कारकुनाच्याच रांगेत बसवले. २०२४ मध्ये सरकारने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, पण भरतीची जाहिरात त्या तारखेआधी निघालेल्यांनाच. जाहिरात कधी काढायची हे उमेदवार थोडेच ठरवतो!

मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनच्याच मागणीसाठी संप केला. पोलिसांना तो मार्ग नाही. १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा भडका उडाला, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली. ज्यांना संपाचा हक्क नाही, त्यांचे गाऱ्हाणे सरकारने न मागता ऐकायला हवे.

तिजोरीवर भार पडेल, हे खरे. म्हणून सरसकट नको. शिपाई ते सहायक उपनिरीक्षक या पदांवरून निवृत्त होणाऱ्यांना तरी जुन्या योजनेचा पर्याय द्यावा. वरिष्ठांचे नंतर पाहता येईल.